संकेतस्थळावरील ई-मेल दुव्यांतील विशेष चिन्हांचे संकेतन : नांदेड व लातूर परिसरातील महाविद्यालयांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर दिलेल्या ई-मेल दुव्यावर टिचकी मारली असता पत्राचा विषय व मजकूर आपोआप भरून यावा, अशी सोय करता येते. मात्र विषयात मराठी अक्षरे, मोकळी जागा किंवा &, %, ?, # यांसारखी चिन्हे आली की ती विशिष्ट पद्धतीने संकेतित करावी लागतात. तसे न केल्यास विषय अर्धवट तुटतो किंवा वाचता न येणारा होतो. प्रस्तुत लेखात या संकेतनाचे स्वरूप, त्याचे तीन स्तर, मराठी लिपीमुळे निर्माण होणारे प्रश्न आणि त्यांवरील उपाय यांचे विवेचन करण्यात आले आहे.

बीजसंज्ञा : ई-मेल दुवा, टक्केचिन्ह संकेतन, युनिकोड, यूटीएफ-८, देवनागरी, संकेतस्थळ.

१. प्रस्तावना

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे झाली. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात आणि लातूर येथे विद्यापीठाचा उपपरिसर आहे. किनवट-माहूरपासून निलंगा-देवणीपर्यंत पसरलेल्या या परिसरातील विद्यार्थ्याला एका अर्जासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी येणे म्हणजे एक दिवसाची मजुरी व एस.टी.चे भाडे खर्च करणे होय. ‘लातूर पॅटर्न’च्या ख्यातीमुळे दूरदूरच्या जिल्ह्यांतील विद्यार्थी लातुरात शिकतात आणि त्यांचे पालक गावाकडून महाविद्यालयाशी पत्रव्यवहार करतात. अशा वेळी संकेतस्थळावरील ई-मेलचा दुवा हा केवळ तांत्रिक सोयीचा भाग राहत नाही. विद्यार्थ्याचे म्हणणे कार्यालयापर्यंत पोहोचविणारी ती वाट असते.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा आहे आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. असे असूनही मराठीत लिहिलेला पत्राचा विषय प्रश्नचिन्हांच्या रांगेत रूपांतरित होण्याचा अनुभव अनेक कार्यालयांना परिचित आहे. हा दोष भाषेचा नाही, लिपीचाही नाही. दुवा लिहिताना पाळावयाचे नियम न पाळल्यामुळे तो उद्भवतो.

२. लेखाची उद्दिष्टे

१) ई-मेल दुव्याची रचना व त्यातील विशेष चिन्हांचे स्थान स्पष्ट करणे.
२) मराठी मजकुराचे संकेतन कसे होते, हे उदाहरणांसह दाखविणे.
३) नेहमी होणाऱ्या चुकांची कारणमीमांसा करणे.
४) महाविद्यालयांना सहज अवलंबिता येतील असे उपाय सुचविणे.

३. ई-मेल दुव्याची रचना

ई-मेलच्या पत्त्यातील @ या चिन्हाचा वापर रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये सुरू केला. संकेतस्थळाच्या पानावरून थेट पत्र लिहिता यावे यासाठी ‘मेलटू’ हा दुव्याचा प्रकार पुढे प्रमाणित झाला. त्याची व्याख्या १९९४ मधील आरएफसी १७३८ या दस्तऐवजात आढळते. जुलै १९९८ मधील आरएफसी २३६८ ने तीत विषय, मजकूर इत्यादी रकान्यांची भर घातली आणि ऑक्टोबर २०१० मधील आरएफसी ६०६८ ने तिला सुधारित रूप दिले.

या दुव्याचे सर्वसाधारण स्वरूप पुढीलप्रमाणे असते. वाचकांच्या सोयीसाठी येथे रोमन अक्षरे व अंक देवनागरीत दाखविले आहेत. प्रत्यक्ष दुव्यात ती रोमनच असतात.

मेलटू:पत्ता?सब्जेक्ट=विषय&बॉडी=मजकूर

या ओळीत चार चिन्हांना विशेष कार्य नेमून दिलेले आहे. : हे चिन्ह दुव्याचा प्रकार संपल्याचे सांगते. ? पत्ता संपून रकाने सुरू झाल्याचे दर्शविते. = रकान्याचे नाव व त्यातील आशय वेगळे करते, तर & दोन रकान्यांच्या मधली भिंत असते. हीच चिन्हे विषयात किंवा मजकुरात आली, तर संगणकाला ती मजकुराची आहेत की रचनेची, हे ओळखता येत नाही. अनर्थाचे मूळ येथेच आहे.

समजा, परीक्षा विभागाने ‘पुनर्मूल्यांकन & छायाप्रत’ असा विषय दुव्यात जसाच्या तसा लिहिला. & या चिन्हापाशी विषय संपला असे समजून संगणक ‘पुनर्मूल्यांकन’ एवढाच विषय घेईल आणि ‘छायाप्रत’ हे एका अनोळखी रकान्याचे नाव मानून सोडून देईल. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज पुनर्मूल्यांकनाच्या गठ्ठ्यात जाईल. मुदत संपल्यावर चूक लक्षात आली, तर तिचा भुर्दंड मात्र विद्यार्थ्यालाच सोसावा लागेल.

४. टक्केचिन्ह संकेतन

यावरील उपाय म्हणजे टक्केचिन्ह संकेतन होय. जे चिन्ह रचनेचे नसून मजकुराचे आहे, त्याऐवजी % हे चिन्ह आणि त्यापुढे त्या चिन्हाचा षोडशमान पद्धतीतील दोन अंकी क्रमांक लिहिला जातो. षोडशमान पद्धतीत शून्य ते नऊ या अंकांनंतर ए ते एफ ही सहा रोमन अक्षरे अंक म्हणून वापरली जातात. महाविद्यालयीन पत्रव्यवहारात वारंवार येणारी चिन्हे पुढीलप्रमाणे :

मोकळी जागा : %२०
& : %२६
% : %२५
? : %३एफ
# : %२३
+ : %२बी
= : %३डी
दुहेरी अवतरणचिन्ह : %२२
नवी ओळ : %०डी%०ए

वरील उदाहरणातील विषय ‘पुनर्मूल्यांकन%२०%२६%२०छायाप्रत’ असा लिहिला, तर तो अखंड पोहोचतो. खुद्द % या चिन्हालाही संकेतनाची गरज असते, हे अनेकदा विसरले जाते. ‘७५% उपस्थिती’ असा विषय ‘७५%२५%२०उपस्थिती’ असा लिहावा लागतो.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाची बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. % नंतरचे अंक रोमन असणे अनिवार्य आहे. मराठी कळफलक चालू असताना तेथे देवनागरी अंक टंकित झाले, तर डोळ्यांना सर्व काही ठीक दिसते, परंतु संगणक ते संकेतन मानीत नाही.

मोकळ्या जागेबाबतही गफलत होते. संकेतस्थळावरील अर्ज भरून पाठविताना मोकळ्या जागेऐवजी + हे चिन्ह वापरण्याची प्रथा आहे. ई-मेल दुव्यात मात्र + म्हणजे अधिकचिन्हच असते. परिणामी पत्र मिळणाऱ्याला ‘प्रवेश+अर्ज’ असा विषय दिसतो. पीएचपी भाषेत ‘यूआरएलएनकोड’ हे कार्य + देते, तर ‘रॉयूआरएलएनकोड’ हे %२० देते. म्हणून ई-मेल दुव्यासाठी दुसरेच वापरणे योग्य ठरते.

५. देवनागरीचे संकेतन

रोमन चिन्हांचा मूळ संच १२८ संकेतांकांचा आहे आणि त्यात देवनागरीला स्थान नाही. ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत जगातील अनेक लिप्यांबरोबर देवनागरीलाही स्वतंत्र संकेतांक देण्यात आले. हे संकेतांक बाइटांच्या रूपात साठविण्याची यूटीएफ-८ ही पद्धत केन टॉमसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केली. या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक संकेतांकाला तीन. ‘न’ या अक्षराचे तीन बाइट ई०, ए४, ए८ असे आहेत. म्हणून दुव्यात ‘न’ हे अक्षर %ई०%ए४%ए८ असे, म्हणजे नऊ चिन्हांत लिहिले जाते.

युनिकोडमध्ये स्वरचिन्ह, अनुस्वार व हलन्त यांना स्वतंत्र संकेतांक असल्याने डोळ्यांना दिसणारी अक्षरे आणि मोजले जाणारे संकेतांक यांत फरक पडतो. ‘नांदेड’ हा शब्द तीन अक्षरी दिसतो, परंतु न, काना, अनुस्वार, द, मात्रा आणि ड असे त्यात सहा संकेतांक आहेत. त्यामुळे दुव्यात तो ५४ चिन्हांची जागा घेतो. ‘लातूर’ला पाच संकेतांकांमुळे ४५ चिन्हे लागतात. ‘पुनर्मूल्यांकन’ या एका शब्दासाठी १२६ चिन्हे लागतात. ‘स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ’ हे पूर्ण नाव ३५ संकेतांक व चार मोकळ्या जागा मिळून ३२७ चिन्हांचे होते.

हा विस्तार व्यवहारातही बाधक ठरू शकतो. इंटरनेट एक्सप्लोरर या एकेकाळी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरमध्ये पत्त्याची कमाल लांबी २०८३ चिन्हे होती. या हिशेबाने सुमारे २३० देवनागरी संकेतांकांपलीकडचा मजकूर तिच्यात मावत नसे. नव्या ब्राउझरांत ही अडचण पुष्कळ कमी झाली असली, तरी दुवा ब्राउझरकडून ई-मेलच्या प्रणालीकडे जाताना मध्ये कोठे मर्यादा असेल, हे पान तयार करणाऱ्याच्या हाती नसते. म्हणून दुव्यात केवळ विषय द्यावा आणि अर्जाचा सविस्तर नमुना पानावर स्वतंत्रपणे द्यावा, हेच श्रेयस्कर होय.

नांदेडच्या बाबतीत हा प्रश्न मराठीपुरता मर्यादित नाही. तख्त सचखंड श्री हजूर साहिबमुळे येथे गुरुमुखीचा वापर आहे, शहरात उर्दूची परंपरा आहे, तर देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि उदगीर-निलंग्याकडे कन्नड कानी पडते. गुरुमुखी, तेलुगू व कन्नड यांच्या प्रत्येक संकेतांकाला देवनागरीप्रमाणेच तीन बाइट लागतात, तर उर्दूच्या अक्षरांना दोन. संकेतनाचा नियम मात्र सर्वांना एकच आहे.

६. जुन्या फॉन्टांचा वारसा

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी पाने विशिष्ट फॉन्टांवर अवलंबून असत. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ हे इस्की प्रमाण स्वीकारले होते. पुण्यातील सी-डॅकचे या क्षेत्रातील कार्यही सुपरिचित आहे. तथापि, प्रत्यक्ष मुद्रण व संकेतस्थळे यांत निरनिराळ्या विक्रेत्यांचे फॉन्ट रूढ झाले आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी होती. अशा पानावर ‘न’ दिसत असला, तरी संगणकात तेथे एखादे रोमन अक्षर किंवा युरोपीय चिन्ह साठविलेले असे. फॉन्ट हा केवळ त्यावर घातलेला मराठी पोशाख होता.

ई-मेलच्या विषयाला फॉन्ट जोडता येत नाही. त्यामुळे पोशाख उतरला की उरलेली रोमन अक्षरे उघडी पडत. अशा मजकुराचे टक्केचिन्ह संकेतन कितीही काटेकोर केले, तरी उपयोग होत नाही, कारण जे संकेतित झाले ते मुळात मराठी नसतेच. विंडोज २००० पासून देवनागरीला युनिकोडचा आधार मिळाला. म्हणून जुन्या परिपत्रकांतील मजकूर दुव्यात घेण्यापूर्वी तो युनिकोडमध्ये रूपांतरित करणे, ही पहिली पायरी होय.

७. संकेतनाचे तीन स्तर

ई-मेल दुव्यातील मजकूर एकात एक ठेवलेल्या लखोट्यांप्रमाणे प्रवास करतो. प्रत्येक लखोट्याचे नियम निराळे आहेत आणि त्यांची सरमिसळ हे बहुतेक चुकांचे कारण आहे.

पहिला स्तर दुव्याचा. येथे टक्केचिन्ह संकेतन लागू होते.

दुसरा स्तर पानाचा. एचटीएमएल भाषेत & या चिन्हाला स्वतंत्र अर्थ आहे. म्हणून दोन रकान्यांमधील रचनेचे & पानाच्या मूळ लेखनात ‘&एएमपी;’ असे लिहावे लागते. यावरून एकाच चिन्हाची दोन रूपे ध्यानात येतात : मजकुरातील & म्हणजे %२६, तर रचनेतील & म्हणजे ‘&एएमपी;’. पत्ते गोळा करणाऱ्या यंत्रणांना चकविण्यासाठी @ ऐवजी ‘&#६४;’ लिहिण्याची युक्तीही याच स्तरावरील आहे. तिच्यामुळे मिळणारे संरक्षण जुजबी असते, कारण हे रूप उलगडणे अशा यंत्रणांना अवघड नाही.

तिसरा स्तर पत्राचा. पत्र पाठविताना ई-मेलची प्रणाली विषयाचे पुन्हा संकेतन करते. नोव्हेंबर १९९६ मधील आरएफसी २०४७ नुसार असा संकेतित खंड ७५ चिन्हांहून मोठा असू शकत नाही. बेस-६४ पद्धतीत तीन बाइटांची चार चिन्हे होतात. म्हणून यूटीएफ-८ मधील मराठीसाठी खंडाची आवरणचिन्हे वजा जाता एका खंडात जास्तीत जास्त १५ देवनागरी संकेतांक मावतात. १४ संकेतांकांचे ‘पुनर्मूल्यांकन’ एका खंडात बसते, परंतु त्यापुढे ‘& छायाप्रत’ आले की दुसरा खंड लागतो. खंड पाडताना एखाद्या अक्षराचे तीन बाइट दोन खंडांत विभागणे नियमबाह्य आहे. सदोष प्रणाली तसे करते, तेव्हा विषयाच्या मध्येच एखादे अक्षर चौकटीत किंवा प्रश्नचिन्हात बदललेले दिसते. हा दोष दुव्याचा नसून प्रणालीचा असतो, हे ओळखता आले म्हणजे दुरुस्ती योग्य ठिकाणी करता येते.

या तीन स्तरांतून एकच सूत्र निघते. प्रत्येक स्तराचे संकेतन एकदाच आणि ठरलेल्या क्रमाने करावे. आधी विषय व मजकूर यांचे टक्केचिन्ह संकेतन, नंतर ? व & लावून दुव्याची जुळणी, त्यानंतर पानासाठीचे संकेतन. तिसऱ्या स्तराचे काम प्रणालीवर सोपवावे. आधीच संकेतित झालेला मजकूर पुन्हा संकेतित केला, तर %२० चे %२५२० होते आणि वाचणाऱ्याला शब्दांच्या मध्ये %२० असे अक्षरशः दिसू लागते.

८. मराठीचे काही खास प्रश्न

‘शेतकऱ्यांच्या पाल्यांसाठी परीक्षा शुल्क माफी’ हा विषय या परिसराला अपरिचित नाही. यातील ‘ऱ्या’ दोन प्रकारांनी टंकित होतो. एका प्रकारात ऱ हा स्वतंत्र संकेतांक, हलन्त व य येतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह व य येतात. दोन्ही सारखेच दिसतात, परंतु पत्रपेटीत एका रूपाने शोध घेतल्यास दुसरे रूप सापडेलच याची शाश्वती नसते. काही प्रणाली अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून गाळतात आणि ‘ऱ्या’चा रफार होऊन ‘शेतकर्यांच्या’ असे अशुद्ध रूप उरते. म्हणून दुव्यात स्वतंत्र ऱ वापरणे अधिक सुरक्षित आहे.

‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक २००८ मधील ५.१ या आवृत्तीत मिळाला. त्यापूर्वी ते अ व चंद्र मिळून लिहिले जाई. त्यामुळे ‘ॲडमिशन’ या शब्दाचीही दोन रूपे आढळतात. बैठक क्रमांकाबाबतही विचार करणे आवश्यक आहे. देवनागरी अंक मराठी मजकुरात शोभतात, पण प्रत्येक अंक दुव्यात नऊ चिन्हे घेतो आणि रोमन अंकांत ठेवलेल्या नोंदींशी तो जुळत नाही. ज्या विषयावरून यंत्राने वर्गवारी करावयाची आहे, तेथे रोमन अंक व्यवहार्य ठरतात.

विषयापुरताच नव्हे, तर संपूर्ण पत्ताच देवनागरीत लिहिण्याची सोय आता तत्त्वतः उपलब्ध आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यासाठीची प्रमाणके प्रसिद्ध झाली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतील ‘.भारत’ हे क्षेत्रनाम सुरू झाले. मात्र असा पत्ता चालण्यासाठी पाठविणारी व स्वीकारणारी अशा दोन्ही बाजूंच्या प्रणालींनी ती प्रमाणके स्वीकारलेली असावी लागतात. म्हणून देवनागरी पत्त्याबरोबर रोमन पत्ताही देणे इष्ट आहे.

९. उपाययोजना

१) संकेतस्थळाची सर्व पाने यूटीएफ-८ मध्ये साठवावीत व तशी घोषणा पानाच्या प्रारंभी करावी.
२) संकेतन हाताने न करता प्रोग्रामिंग भाषेतील योग्य कार्य वापरावे. जावास्क्रिप्टमध्ये ‘एनकोडयूआरआयकंपोनंट’ हे कार्य योग्य आहे. जुने ‘एस्केप’ हे कार्य देवनागरीसाठी अप्रमाण रूप देते, म्हणून ते टाळावे.
३) विषय थोडक्यात ठेवावा आणि शक्य तेथे & ऐवजी ‘व’ किंवा ‘आणि’ लिहावे. मराठीत या चिन्हाची मुळात गरज नाही.
४) दुव्यासोबत ई-मेलचा पत्ता पानावर स्पष्ट अक्षरांत द्यावा. संगणक कक्षातील किंवा नेट कॅफेतील यंत्रावर ई-मेलची प्रणाली जुळवलेली नसेल, तर दुवा निरुपयोगी ठरतो, पत्ता मात्र उतरवून घेता येतो.
५) प्रत्येक दुवा किमान एक संगणक व एक मोबाइल यांवरून स्वतः पत्र पाठवून तपासावा आणि मिळालेल्या पत्रातील विषय मूळ विषयाशी ताडून पाहावा.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे स्पष्ट होते की, ई-मेल दुव्यात मराठी वापरण्यास कोणतीही तात्त्विक अडचण उरलेली नाही. आरएफसी २३६८ च्या काळात दुव्यात रोमनेतर अक्षरे थेट वापरण्यास मनाई होती. आरएफसी ६०६८ ने यूटीएफ-८ वर आधारित टक्केचिन्ह संकेतनाचा मार्ग निःसंदिग्धपणे खुला केला. आता प्रश्न उरतो तो दक्षतेचा. रचनेचे चिन्ह आणि मजकुराचे चिन्ह यांतील भेद ओळखणे व प्रत्येक स्तराचे संकेतन एकदाच करणे, एवढी शिस्त पाळली तरी बहुतेक दोष टळतात.

‘मराठीत विषय लिहिला की पत्र बिघडते, म्हणून इंग्रजीत लिहा’ असा सल्ला विद्यार्थ्यांना देणे सोपे आहे. परंतु मुखेड किंवा जळकोटच्या खेड्यातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्या सल्ल्याचा अर्थ ‘लिहू नका’ असाच होतो. दुवा दुरुस्त करण्यास कार्यालयाला एक दुपार पुरेशी असते. तो सदोष राहिला, तर दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांची पत्रे वाटेत हरवत राहतात.